थोरलेपण आणि दुखणें
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्याकडे घरांतील थोरल्या मुलाला किंवा मुलीला जीं विशेषणें लावतात, त्यांत ‘समंजस’ हें विशेषण फार मानाचें समजलें जातें. धाकट्यानें हट्ट केला तर तो लाडका ठरतो, मधल्यानें खोडी काढली तर तो खट्याळ ठरतो. थोरल्यानें मात्र समंजस असावें अशी सर्वांची अपेक्षा असते, आणि बहुधा तो ती पुरीहि करतो. आज मला ज्या मुलांविषयीं बोलावयाचें आहे, तीं अशींच समंजस मुलें आहेत. पण त्यांच्या वांट्याला थोरलेपणाबरोबर आणखी एक गोष्ट आलेली असते. लहानपणींच त्यांना एखादें असें दुखणें जडलेलें असतें, कीं जें चार दिवसांत बरेंहि होत नाहीं आणि माणसाला अंथरुणालाहि खिळवून ठेवीत नाहीं. मूल हिंडतें-फिरतें, शाळेंत जातें, घरचें काम करतें. आणि त्यामुळें त्याला दुखणें आहे, ही गोष्ट घर हळूहळू विसरून जातें.

अशीं दुखणीं अनेक आहेत. दमा आहे, लहानपणचा मधुमेह आहे, अपस्मार आहे, विदर्भांत आणि सातपुड्याच्या बाजूला आढळणारा सिकलसेलचा रक्तदोष आहे. मी आज एकाच दुखण्याविषयीं सांगणार आहें, कारण तें मला आंतून ठाऊक आहे. तें म्हणजे संधिज्वर आणि त्याच्या मागून येणारा हृदयाच्या झडपांचा विकार. डॉक्टर लोक त्याला ‘रूमॅटिक हार्ट डिसीझ’ म्हणतात.

या दुखण्याची सुरुवात अगदीं क्षुल्लक असते. पांच ते पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाचा घसा दुखतो, थोडा ताप येतो, आणि तीन-चार दिवसांत तें बरेंहि होतें. घसा दुखण्याचीं कारणें पुष्कळ. पण कांहीं वेळां ‘स्ट्रेप्टोकॉकस’ जातीचे जंतु त्याच्या मुळाशीं असतात. शरीर त्या जंतूंशीं झुंजण्यासाठीं जें सैन्य उभारतें, त्याची कांहीं मुलांच्या बाबतींत गफलत होते. जंतूंच्या अंगची कांहीं द्रव्यें आणि आपल्याच हृदयांतील कांहीं द्रव्यें यांत साम्य असतें. त्यामुळें शत्रु निघून गेला तरी शस्त्र चालत राहतें, आणि तें स्वकीयांवर. दोन-तीन आठवड्यांनीं मुलाचा गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोंच घोटा सुजतो, मग कोपर. सांधे पुढें पूर्ववत् होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र पुष्कळदां राहून जाते. झडप जाड होते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात, दार नीट उघडेनासें किंवा नीट लागेनासें होतें. आणि मग मूल जिना चढतांना थांबूं लागतें.

कांहीं मुलांत, विशेषतः मुलींत, याच विकाराचें एक निराळें रूप दिसतें. हातपाय मनाविरुद्ध हलतात, तोंड वेडेंवांकडें होतें, अक्षर बिघडतें, हातांतली कपबशी सुटते. टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यानें १६८६ सालीं या लक्षणांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. वैद्यकाला ही गोष्ट इतक्या काळापासून ठाऊक आहे. पण घरांत त्या मुलीला प्रथम धांदरट म्हणतात, आणि शाळेंत ती वांकुल्या दाखविते म्हणून तिला वर्गाबाहेर उभें करतात. मी पुढें तीस वर्षें शिक्षिकेचें काम केलें. हातांतून सारख्या वस्तु पडणारी मुलगी वर्गांत दिसली, कीं शिक्षेचा विचार करण्यापूर्वीं मी तिच्या पालकांना बोलावून घेत असें.

मला हा ज्वर आला तो १९६२ सालीं, माझ्या वयाच्या दहाव्या वर्षीं. गिरगांवांतील एका चाळींत, तिसर्‍या मजल्यावरील दोन खोल्यांत आम्ही राहत होतों. वडील एका छापखान्यांत मुद्रितें तपासण्याचें काम करीत. माझ्या पाठीवर तीन भावंडें. त्यांतलें सर्वांत धाकटें मूल जन्मलें त्याच बाळंतपणांत, माझ्या ज्वरानंतर वर्षभरानें, आमची आई गेली. घरांत बाईमाणूस म्हणावें तर एक आजी उरली, आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरलेले. अकराव्या वर्षीं माझ्याकडे घर आलें. तें कोणी माझ्यावर लादलें नाहीं. पहांटे नळाला पाणी येई, कोणीतरी उठावयास हवें होतें, आणि मी उठलें, इतकेंच. पाणी भरणें, स्टोव्ह पेटविणें, बहिणीची वेणी, भावाचें दप्तर, तान्ह्याचें दूध, रेशनच्या दुकानांतील रांग, आजीच्या डोळ्यांत औषध घालणें, हीं सर्व कामें एकामागून एक माझ्या अंगवळणीं पडलीं. मला तीं नकोशीं वाटत होतीं असें नाहीं. आई नसलेल्या घरांत हाताला काम असणें हा एक मोठा आधार असतो.

परंतु याच वेळीं माझ्यामागें आणखी एक काम होतें. या विकारांत पहिल्या ज्वरापेक्षां पुन्हां पुन्हां येणारा ज्वर अधिक घातक. दरएक फेर्‍यांत झडपेला नवी इजा होते. तो टाळण्याचा उपाय विसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकाच्या हातीं आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२८ सालीं लंडनमध्यें ज्याचा शोध लावला, आणि १९५४ सालीं आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीस स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यांत जें पुढें तयार होऊं लागलें, त्या पेनिसिलीनचा एक दीर्घकाळ टिकणारा प्रकार आहे. त्याची बारा लाख युनिटांची सुई कमरेखालीं स्नायूंत द्यावयाची, आणि तीहि दर एकवीस दिवसांनीं. वर्षाच्या सतरा सुया होतात. दहा वर्षांच्या पावणेदोनशेंच्या घरांत जातात. ज्यांच्या हृदयाला लागण झाली, त्यांना ती निदान दहा वर्षें किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यांतील जी मुदत मोठी असेल तोंपर्यंत घ्यावी लागते. झडपेंत दोष राहिला असल्यास चाळिशीपर्यंत, आणि कधीं कधीं जन्मभर. सुई चांगलीच दुखते. दोन दिवस मांडी ठणकत असते.

आतां घराचा हिशेब कसा चालतो तें पाहा. सुईचा दिवस येतो तेव्हां मुलीला कांहींच होत नसतें. ताप नसतो, सांधा सुजलेला नसतो. उलट त्याच दिवशीं धाकट्याला गोंवर असतो, किंवा साखर आल्याची बातमी चाळीभर झालेली असते, किंवा आजीला डोळ्यांच्या दवाखान्यांत न्यावयाचें असतें. दवाखान्यांतील रांगेंत अर्धा दिवस जाणार; तो अर्धा दिवस आणावयाचा कोठून? माझ्या चौदाव्या वर्षीं अशा चार सुया लागोपाठ राहून गेल्या. त्या राहाव्यात असें कोणीहि ठरविलें नव्हतें. दर वेळीं घरांत त्याहून तातडीचें कांहींतरी होतें, आणि तें खरोखरच तातडीचें होतें. ज्या दिवशीं दुखत नाहीं त्या दिवशींच या दुखण्याचें औषध घ्यावयाचें असतें, ही गोष्ट अडचणींत असलेल्या घराच्या तर्कशास्त्रांत बसत नाहीं. तेथें जें ओरडतें त्याच्याकडे आधीं पाहिलें जातें. आणि समंजस मूल तर ओरडत नाहीं.

न ओरडण्याचीहि एक कला असते आणि ती मुलें फार लवकर शिकतात. जिन्याच्या दर वळणावर थांबण्यासाठीं मला एक एक निमित्त सांपडलें होतें. पहिल्या मजल्यावर मी एका म्हातार्‍या काकूंची खुशाली विचारीत असें. दुसर्‍या मजल्यावर पदर सांवरण्याच्या वयाच्या आधींच परकराची गांठ पुन्हां पुन्हां बांधीत असें. तिसरा मजला येईपर्यंत माझा श्वास ठिकाणावर येई, आणि शेजारीपाजारीं फार अगत्याची मुलगी म्हणून माझें नांव होई. रात्रीं तान्ह्या भावाला खांद्यावर घेऊन मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपूं लागलें. पोरीची केवढी माया, असें आजी म्हणे. माया होतीच; पण आडवें झालें म्हणजे छाती भरून येते आणि दम कोंडतो, हें त्या बसण्याचें दुसरें कारण होतें. हृदयाचें काम कमी पडूं लागल्याची ती एक ठळक खूण आहे. ती रोज रात्रीं सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिला सर्वांनीं सद्‌गुण समजून घेतलें होतें.

दुसरा ज्वर आला तेव्हां ज्या डॉक्टरांनीं मला तपासलें, त्यांनीं वडिलांना एक प्रश्न विचारला. मुलीला काय होतें, असें त्यांनीं विचारलें नाहीं. गेल्या दिवाळींत ती जें करीत होती आणि या दिवाळींत करीत नाहीं असें काय आहे, एवढेंच त्यांनीं विचारलें. वडील बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं एक एक मोजावयास सुरुवात केली. ती फुगडी घालीत नाहीं. गच्चीवर वाळवण घालावयास जात नाहीं. रांगोळी पूर्वीं उकिडवी बसून तासभर काढी, ती आतां दोन रेघांत आटोपते. हंडा घेत असे, तो सोडून कळशी घेऊं लागली आहे. मी वडिलांना कांहींहि सांगितलेलें नव्हतें, तरी हें सर्व त्यांनीं पाहिलेलें होतें; पाहिलेल्याची बेरीज मात्र तोंवर केलेली नव्हती.

त्या दिवशीं घरीं आल्यावर त्यांनीं जें केलें तें मला आजहि फार मोठें वाटतें. मुद्रितें तपासण्याची तांबडी पेन्सिल घेऊन त्यांनीं भिंतीवरच्या कॅलेंडरांत दर एकविसाव्या दिवसाभोंवतीं एक वर्तुळ काढलें. घरभाड्याची तारीख त्याच कॅलेंडरावर होती. भाड्याची तारीख जशी मला एकटीला लक्षांत ठेवावी लागत नसे, तशी तेव्हांपासून सुईची तारीखहि मला एकटीला लक्षांत ठेवावी लागली नाहीं. त्या दिवशीं रांगेंत कोण उभें राहील, तान्ह्याला कोण सांभाळील, हें आदल्या रात्रीं ठरे. नऊ वर्षांचा भाऊ लहान कळशीनें पाणी आणूं लागला आणि त्या गोष्टीचा त्याला अभिमान वाटूं लागला. माझें दुखणें हें घरांतलें एक काम आहे, आणि घरांतलीं कामें वांटून घ्यावयाचीं असतात, एवढी ही साधी गोष्ट होती.

याबरोबर दुसरीहि एक बाजू सांगितली पाहिजे. दुसर्‍या ज्वरानंतर सहा महिने मला विश्रांति सांगितली होती. तेव्हां आजीनें प्रेमानें माझ्या हातांतलें सर्वच काम काढून घेतलें. पहिल्या महिन्यांत बरें वाटलें. पुढें माझी मला अडगळ वाटूं लागली. बहीण वेणी घालून घ्यावयास शेजारीं जाऊं लागली, भावाचे गणिताचे गुण मला शेवटीं कळूं लागले. ज्या मुलीनें तीन वर्षें घर चालविलें, तिला अंथरुणावर बसवून नुसतें जपणें म्हणजे तिला तिच्या जागेवरून उठविणें होय. वडिलांच्या हें लक्षांत आलें. घरखर्चाची वही, धाकट्यांचा अभ्यास, गांवाकडील पत्रव्यवहार, निवडणें-टिपणें, शिवणटिपण, हें सर्व त्यांनीं मजकडे परत दिलें; पाणी, जिना आणि ओझीं यांतून मात्र मला कायमचें मोकळें केलें. आजारी मुलाचें सर्व काम काढून घेणें आणि त्याच्यावर सर्व काम टाकणें, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच निष्काळजीपणाच्या वाटतात. कोणतें काम त्याच्या श्वासाला झेपतें हें बसून ठरविण्याचा त्रास दोन्हींकडे टाळलेला असतो.

माझें नशीब असें, कीं माझ्या आयुष्याबरोबर वैद्यकहि पुढें सरकत होतें. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री साउटर या शल्यवैद्यानें एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून तिची आंखडलेली झडप मोकळी केली होती. मुलगी वांचली; तथापि अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास दुसरा रोगी त्यांच्याकडे कोणी पाठविला नाहीं, आणि हें काम जवळजवळ तेवीस वर्षें तसेंच राहिलें. १९४८ पासून तें पुन्हां सुरू झालें, आणि त्याच पद्धतीनें १९७५ सालीं माझी झडप उघडली. पुढें १९८४ सालीं जपानच्या कान्जी इनोउए यांनीं छाती न उघडतां, रक्तवाहिनींतून फुगा नेऊन झडप उघडण्याची रीति प्रसिद्ध केली. १९९० सालीं तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेनें तयार केलेली कृत्रिम झडप प्रथम एका रोग्याच्या हृदयांत बसविण्यांत आली, आणि परदेशी झडपेची किंमत ज्यांना परवडत नव्हती त्यांना मार्ग सांपडला. माझ्या छातींतहि आज एक कृत्रिम झडप आहे. निजानीज झाली म्हणजे तिची टिकटिक मला ऐकूं येते. रक्त गोठूं नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते आणि वेळोवेळीं रक्त तपासावें लागतें. हें सर्व मोठें वैभव आहे. पण त्यांतील कोणतीहि गोष्ट वेळेवर घेतलेल्या सुईची बरोबरी करूं शकत नाहीं. सुई झडप वांचविते. बाकीचे उपाय बिघडलेल्या झडपेशीं तडजोड करतात.

हें भाषण ऐकणार्‍या पुष्कळ घरांना वाटेल, कीं हा विकार आतां आपल्यांत कोठें आढळतो? तें बव्हंशीं खरें आहे. घशांतले हे जंतु एकाच्या श्वासांतून दुसर्‍याकडे जातात. म्हणून दाटीवाटीनें झोपणार्‍या घरांत ते फैलावतात. युरोप-अमेरिकेंत घरें सुधारलीं, दाटी कमी झाली, तेव्हां पेनिसिलीन येण्याच्या आधींपासूनच हा विकार ओसरूं लागला होता. आपल्या देशांत तो अजून आहे, आणि जेथें दाटी आहे तेथें आहे. ज्या घरांत खोली एक आणि माणसें सात, त्याच घरांत थोरल्या मुलीवर कामाचा भारहि सर्वांत अधिक असतो. रोगाचा आणि जबाबदारीचा पत्ता असा एकच निघतो.

त्या पत्त्याशीं आपला संबंध रोज येतो. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणार्‍या बाई आजारी पडल्या, म्हणजे त्यांच्याऐवजीं एखादे वेळीं त्यांची बारा वर्षांची मुलगी येते. ती निमूटपणें काम करते आणि आपण तिला समंजस म्हणतों. यापुढें ती आली, तर तिला कामाला लावण्याआधीं खालीं बसवा, आणि जिना चढतांना तिला थांबावें लागतें का, मध्यंतरीं सांधे सुजून ताप आला होता का, रात्रीं आडवें झालें म्हणजे तिचा दम कोंडतो का, एवढें विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर तिच्या आईशीं बोला. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जी तपासणी होते, तींत हा हृदयविकार समाविष्ट आहे. जागतिक आरोग्य सभेनें २०१८ सालीं याच्या प्रतिबंधाचा ठराव केला आहे. ठराव आणि कार्यक्रम दवाखान्याच्या दारापर्यंत येतात. मुलीचा अर्धा दिवस मोकळा करून तिला त्या दारापर्यंत नेण्याचें काम मात्र कोणातरी माणसाचें असतें.

ज्या घरांत निराळें दुखणें आहे, त्यांनाहि मला हेंच सांगावयाचें आहे. मधुमेह असलेल्या मुलाची रोजची सुई, दमा असलेल्या मुलीचें श्वासावाटे घ्यावयाचें औषध, अपस्माराची न चुकवावयाची गोळी, या गोष्टी त्या मुलाच्या एकट्याच्या स्मरणशक्तीवर सोंपवूं नका. तें कितीहि शहाणें असलें तरी. शहाण्या मुलाला आपल्या औषधापेक्षां घरची अडचण अधिक दिसते, हाच त्याच्या शहाणपणांतला धोका आहे. त्याला दुखण्याविषयीं खरें सांगा, आणि धाकट्या भावंडांनाहि त्यांना कळेल इतकें सांगा. काय होतें असें विचारून समंजस मूल उत्तर देणार नाहीं. त्यानें काय करणें सोडलें आहे तें आपणच पाहिलें पाहिजे, आणि पाहिलेल्याची बेरीजहि आपणच केली पाहिजे.

आणि स्वयंपाकघराच्या दारांतून, धाकट्याला मांडीवर घेऊन, एखादी थोरली मुलगी हें ऐकत असेल, तर तिला एवढेंच सांगतें: बाळ, तूं करतेस तें काम मोठें आहे आणि तें करावेंसें वाटतें यांत कांहीं गैर नाहीं. परंतु तुझ्या औषधाची तारीख हेंहि घरचेंच काम आहे. ती भिंतीवर लिहून ठेव, आणि घरांतल्या आणखी एकाला ती पाठ करावयास सांग.